अख्ख्या कुळाची कढई

मित्रांनो, हॉटेलच्या दारात प्लास्टिकची फुलं पोटात घेऊन बसलेली जुनी पितळी कढई पाहिलीत? ती मी. हसू नका. एके काळी माझ्यात अख्ख्या कुळाचं जेवण शिजायचं.

एका मूळपुरुषाची चार घरं, आणि चौघांत मिळून मी एकटी. माझा मुक्काम धाकट्या घरी, सगळ्यांच्या आत्याकडे. कुणाकडे कार्य निघालं की तिथला माणूस मला न्यायला यायचा. आत्या त्याला दारातच अडवायची, "कोणाचा रे तू?" मग त्याने बाप, आजा, पणजा असं थेट मूळपुरुषापर्यंत म्हणून दाखवायचं. अडखळला तर आत्या त्याच्याकडून घोकून घ्यायची, मगच मला हात लावू द्यायची.

एका लग्नात मात्र घोळ झाला. पहिला घास थोरल्या घराचा, असा नियम. वाढणाऱ्याने चुकून धाकट्यांना आधी वाढलं. थोरले आजोबा ताटावरून उठले आणि घरच्यांना घेऊन चालते झाले.

"येतील आपसूक," धाकटे म्हणाले. कुणी आलं नाही. समजूत काढायला कुणी गेलंही नाही. हळूहळू सगळीच घरं पांगली.

आत्या मला राखेने घासत राहिली. "थोरल्यांकडचं कुणी न्यायला आलं आणि ही काळी दिसली तर?" ती म्हणायची. शेवटी वाट पाहता पाहताच ती वारली. मग माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मला फार एकटं वाटायचं.

एक दिवस एक तरुणी जुनी भांडी विकत घ्यायला आली. हॉटेलं सजवणं हे तिचं काम. धाकट्या घरच्या नातवाने मला खाली काढलं. ती वाकून निरखू लागली आणि मी चपापले. थोरल्या आजोबांचीच हनुवटी, तीच खळी!

"आमच्याकडेही अशी कढई होती म्हणे. आजोबा सांगायचे," ती म्हणाली.

"असेल की. पूर्वी सगळ्यांकडेच असायची."

अरे, विचार तिला, कोणाची तू! मी आतल्या आत ओरडत होते. एका रक्ताची दोन माणसं समोरासमोर उभी होती. त्याने मला गाडीत चढवलं, "बरंय मॅडम" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

हॉटेलच्या सजावटीचं काम अजून चालू आहे, म्हणून दुपारी ती माझ्याशेजारी बसून डबा खाते. एकटीच. परवा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "नाही गं, या गावात माझं नात्याचं कुणीच नाही."

दोन गल्ल्या सोडून तिचा चुलतभाऊ राहतो, मला गाडीत चढवणारा तोच. मला ते सांगता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. विचारत जा.