वार खाली आहे

ऐका रे मित्रांनो, आधी नुसतं ऐका, प्रश्न नंतर. मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे, मुंबईत घोडपदेवच्या डॉक्टर नम्रताच्या दवाखान्यातली. पोटावर थंडगार जेल लावतात, त्यावरून माझा प्रोब फिरतो आणि आतलं बाळ पडद्यावर दिसतं. मुलगा की मुलगी ते मात्र विचारायचं नाही, सांगायला बंदी आहे. नवी होते तेव्हा बायका नुसतं मला बघायला यायच्या. आता बटणं घासलीत, एक चाक अडतं, पण नजर पक्की आहे.

तर एक दिवस पूर्वी नावाची मुलगी आली. कणकवलीपलीकडच्या वाडीची, पहिलटकरीण, आठवा महिना. तिकडे तालुक्याला सोनोग्राफीचा डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस. तिचा नवरा विनीत इथे कॉटन ग्रीनला टेम्पो चालवतो. तो सारखा तिकडे फोन लावायचा, "मॅडम, कुठला वार खाली आहे?" नंबर काही लागेना. शेवटी त्याने तिला इथेच आणलं. तपासायचं आणि बाळंतपणाला परत माहेरी, असं ठरलेलं.

पडदा बघताना नम्रताचा हात थांबला. "वार खाली आहे गं. नवऱ्याला पाठव, बोलायचंय."

पूर्वीने फोनवर त्याला तेवढंच सांगितलं. संध्याकाळी दोघं आले, विनीत एकदम खुशीत.

"तिकडचा वार खाली मिळाला ना डॉक्टर? मी एसटीची सीट पण बुक केली."

पूर्वीने कपाळाला हात लावला. "अरे, तो वार नाही रे."

नम्रताने मला परत सुरू केलं. "हे बघ. ही वार. बाळाला पोसते ती. वर असायला हवी, ही बाळ बाहेर यायच्या दारातच आडवी बसलीय. गचके बसून रक्त सुरू झालं तर घाटात कोण आहे तुझं?"

"पण पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना. सासूबाई वाट बघतायत."

"मी बसमध्ये बसणार नाही," पूर्वी म्हणाली. "तुला काय रागवायचं ते रागव."

त्याने सासूला, सुभद्राबाईंना, स्पीकरवर घेतलं. त्या म्हणाल्या, "जावयानू, वार म्हणजे काय ता म्हायत नाय? तिका हलवू नकात. माहेरच थंय येतला, मी येतंय."

आणि आल्या. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आई-बाळ दोघं सुखरूप.

आता दवाखान्यात नवी मशीन येतेय. विकणारा म्हणाला, "ही जुनी भंगारात द्या."

नम्रता म्हणाली, "परवानगी काढतेय. ही त्या पूर्वीच्या तालुक्याला, कणकवलीकडे जाणार, आणि चालवायला सुट्टीच्या दिवशी मी जाणार."

जाईन मी, अडत्या चाकाने का होईना. फक्त माझा प्रोब आपटू नका, जेल पुसत जा.

मित्रांनो, तुम्ही नम्रताच्या जागी असता तर काय केलं असतं?