आत्यांचा धडा वेगळा

"एकच धडा सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका हं," असं सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात आधी ते कन्फ्यूशियसचे विचार सांगायचे, मग मी वीज-पाणी जपून वापरायला शिकवायचे. त्यांचा एक किस्सा ठरलेला. दोन शिष्यांनी एकच प्रश्न विचारला: ऐकलं ते लगेच करू का? गुरूंनी उतावळ्याला थांबवलं, बुजऱ्याला पुढे ढकललं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. कडेवर बाळ, समोर भरलेला वर्ग. प्रत्येकाला वेगळा धडा कुठून आणू?

ऐन उन्हाळ्यात मी सांगितलं, "घरातलं एक तरी यंत्र बंद करा."

"बायको म्हणते, माझं घोरणंच बंद करा," सायकल दुरुस्तीवाले काका म्हणाले. वर्ग हसला. त्यांच्या दुकानाची दिव्यांची पाटी भर दुपारी लखलखत असते, ती तशीच राहिली.

पहिल्या बाकावर माझ्या नवऱ्याच्या आत्या होत्या. शेजारच्या इमारतीत एकट्या राहतात. मला घरी "अगं" म्हणतात, वर्गात "बाई". त्यांनी मात्र मन लावून ऐकलं.

पुढच्या वर्गाला त्या आल्याच नाहीत. बाळ शिंकलं तरी मला घाम फुटतो, मग आत्या न आल्यावर काय! वर्ग सरांवर सोपवून मी तडक त्यांचं घर गाठलं. दार उघडायला त्यांना वेळ लागला. ओठ सुकलेले. गच्चीखालची ती खोली भट्टीसारखी तापली होती.

"ये. बघ, तुझा धडा गिरवला." फ्रिजचा प्लग काढलेला. "एकटीला काय लागतं गं? दूध रोज ताजंच आणते."

मी फ्रिज उघडला. आत इन्शुलिनची बाटली. हाताला गरम लागली.

"आत्या, हेच टोचताय?"

"मग! त्यात खाडा नाही. तहान मात्र फार लागते हल्ली."

उकाड्याने इन्शुलिनचा गुणच गेला होता, साखर भलतीच वाढली होती. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, नवं औषध सुरू केलं. थोडक्यात निभावलं.

"म्हणजे मी नापास?" खाटेवरून त्यांनी विचारलं.

"नाही हो. तुमचा धडा वेगळा. फ्रिज चालूच ठेवायचा."

"आणि त्या सायकलवाल्याचा?"

"पाटी. त्यांच्या तर मी हात धुऊन मागे लागणार आहे."

त्या हसल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सांगितलं की लगेच करणारं, कुरकुर न करणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आज त्यांच्याकडे एक चक्कर मारा. नुसतं "कशा आहात" विचारू नका, "बरी आहे" असंच म्हणतील. आत जा, जरा फ्रिज उघडून बघा.