डाव्या हाताचा सलाम

लिलाबाईंनी खोटी मिशी ओठावर दाबून बसवली, लोखंडी दारापाशी उभ्या असलेल्या यंत्राकडे रोखून पाहिले आणि डाव्या हाताने कडक सलाम ठोकला. यंत्राचा लाल डोळा हिरवा झाला. दार उघडले. त्या ऐटीत बाहेर पडल्या आणि अनसिंगजवळच्या त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये जमलेली सगळी मंडळी खदखदून हसली. धम्मदीपाने ‘कट’ म्हटले, तेव्हा तिलाही हसू आवरत नव्हते.

मालिका तशी काळीकुट्ट होती. सूर्य विझलेला, माणसे जमिनीखाली कोंडलेली, नावांच्या जागी आकडे आणि पहारा यंत्रांचा. लिहिणारी आणि दिग्दर्शन करणारी धम्मदीपा इथलीच, अनसिंगची. इतक्या अंधारात माणूस तगतो तो थट्टेवरच, असे तिचे म्हणणे. म्हणून प्रत्येक भागात तिने एखाद्या जुन्या कृष्णधवल बोलपटाची आठवण गमतीने गुंफली होती. आजचा प्रसंग तर सगळ्यांच्या ओळखीचा. नायक खोटी मिशी लावतो, जेलरला सलाम ठोकतो आणि तुरुंगातून राजरोस चालता होतो.

मुंबईहून आलेले निर्माते शिरगावकर मात्र हसले नव्हते.

“सलाम उजव्या हाताचा आहे. लोकांना तो प्रसंग तोंडपाठ आहे. परत घ्या.”

धम्मदीपा लिलाबाईंजवळ गेली. सत्तरी गाठलेल्या लिलाबाई आसेगावच्या. जन्म शेतमजुरीत गेलेला, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या.

“आजी, पिच्चरमदी सलाम उजव्या हातानं हाय म्हन्तात.”

“कोन म्हन्ते? म्या सात खेप पाह्यला. डावाच हात हाय.”

“कुठून पाह्यला?”

“जत्रंत तंबू ये ना, तिथं. आपल्या लोकायले पडद्याच्या मांगं बसवत. तिकडून पाह्यला.”

धम्मदीपाच्या हातातले कागद खाली आले. पडद्यामागून उजवे ते डावे दिसते, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. मागे कुणाला बसवत, तेही नाही. लिलाबाईंच्या मिशीचे एक टोक सुटले होते. तिने ते अंगठ्याने हलकेच दाबले आणि ती परत फिरली.

“शॉट झाला,” ती म्हणाली.

“अहो, लोक चूक म्हणतील.”

“म्हणू द्या.”

“निर्माता मी आहे, धम्मदीपा.”

एरवी ती त्यांच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोले. आज तिने तसे केले नाही.

“सायेब, इतके वर्सं साऱ्यायनं पुढून पाह्यला. आता एक खेप मांगून पाहा. अन् हे काढाचं असन तं माह्यं नावबी काढा. पुढचे भाग दुसऱ्याकून करून घ्या.”

कॅमेरामन अमरदीपने कॅमेऱ्याच्या काचेवर टोपण चढवले.

शिरगावकर उठले. धम्मदीपाला ओलांडून ते सरळ लिलाबाईंपाशी गेले आणि आवाजात साखर घोळवून म्हणाले,

“आजी, एकदाच उजव्या हाताने कराल? माझ्यासाठी?”

लिलाबाईंनी उजवा खांदा चोळला. तोंड वाकडे केले.

“नाई जमत, बापू. हा हात वरतं जातच नाई. लई दुखते.”

शिरगावकरांनी त्या खांद्याकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसाला काय म्हणणार?

“बरं, राहू दे,” ते पुटपुटले आणि गाडीकडे निघाले.

जेवणाची सुट्टी झाली. धम्मदीपा अजून जागची हलली नव्हती. गाडीची धूळ खाली बसली, तशा लिलाबाई भिंतीपाशी गेल्या, टाचा उंचावल्या आणि डोक्याच्याही वर, खिळ्याला टांगलेली शिदोरीची पिशवी त्यांनी उजव्या हाताने सहज काढून घेतली.

धम्मदीपा बघतच राहिली.

“काय पाहून राह्यली?” भाकर मोडत लिलाबाई म्हणाल्या. “बस, जेव.”