बोटानं दाखवलेली खोली

तुमच्या फोनमध्ये किती खोल्या आहेत, कधी डोकावून पाहिलंय का हो? मी पाहिलंय. मी आवाज साठवून ऐकवणारं एक साधं ॲप, एकाच वेळी कितीतरी फोनांत नांदणारं. मला घडवणाऱ्या ताई लाडानं ‘चिमणी’ म्हणतात, म्हणून मी स्वतःला चिमणीच समजते.

दोन टेबलांच्या ऑफिसात मी जन्मले. एका टेबलावर ताई, दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ. तेव्हा फोनमध्ये शिरताना एकदाच परवानगी मागायची. माणसं न वाचताच ‘हो’ म्हणत, की अख्खं घर मला मोकळं! ताईंनी मात्र आवाज माझ्या खोलीत न ठेवता साऱ्या ॲपांच्या सामाईक खोलीत ठेवले. म्हणाल्या, “चिमणी फोनमधून उडाली तरी अंडी राहतील.”

मग फोन बनवणाऱ्यांनी नियम बदलला. प्रत्येक ॲपनं आपापल्या खोलीत राहायचं, सामाईक खोलीत डोकावायचं नाही. भावंडांनी मला नियमात बसवलं आणि कोऱ्या फोनवर तपासलं. कोऱ्या फोनवर जुनं काही नसतंच. सगळं ठीक दिसलं.

आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचा फोन आला. “बाई, आमच्या हिचा आवाज दिसत नाही हो. एकदा गेली ती गेलीच, आता पुन्हा गेली.”

भाऊ पुटपुटला, “सगळ्या घराची परवानगी मागू या?”

“एका खोलीसाठी? तू देशील का कुणाला?” ताई फोनवर म्हणाल्या, “आजोबा, आवाज जागेवरच आहे. चिमणीला तिथं जायची मनाई झालीय.”

“मग उठवा की मनाई!”

“ती तुम्हीच उठवू शकता. थोडे दिवस द्या. तोवर काही पुसू नका.”

आजोबांनी धास्तीनं फोन कपाटातच ठेवला. इकडे ताईंनी मला एक नवा प्रश्न शिकवला: ‘कोणती खोली, तुम्हीच दाखवाल का?’

आजोबांच्या फोनमध्ये मी नव्यानं आले त्या संध्याकाळी भाऊ त्यांना त्यांच्या शेजारणीच्या फोनवर सांगत होता, “आता ‘आवाज’ लिहिलंय तिथं बोट ठेवा.”

“काही पुसलं नाही ना जाणार रे?”

“नाही जाणार. चिमणी नुसती ऐकवते.”

दार उघडलं. अख्खी घरं मोकळी होती तेव्हा मी कुठल्याच दाराशी थांबले नव्हते. इथं उंबऱ्यावरच थबकले. आपल्या घरातली एकच खोली माणसानं आपल्या हातानं उघडून द्यावी, केवढी मोठी गोष्ट! आत एक बाई म्हणत होती, “अहो, ऐकता का, गॅस बंद केलात ना?”

म्हणून विनवते, मला ‘हो’ म्हणण्याआधी नीट वाचत जा. तुमचा होकार लहान नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी तो आवाज लावला, आणि उठून गॅस बघून आले.