पंप शेवटच्याकडे

चौकात अकरा माणसं एक पाय जमिनीवर टेकून माझी वाट बघत उभी असतात आणि मी धापा टाकत पोचलो की हसतात. चिडत नाहीत, हसतात. "आलात? या, या. सावकाश." मला शिव्या चालतात. सव्वीस वर्षं शहरात बस चालवली आहे, शिव्या या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतो. पण हे समजूतदार हसणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण मी स्वतः कधी कोणासाठी थांबलो नाही. हातात पिशवी, एक हात वर, तोंड उघडं, अशी बसमागे पळणारी किती माणसं आरशात पाहिली असतील त्याला गणतीच नाही. वेळ झाली की दार बंद. पाच-पन्नासची पहिली गाडी माझी, आणि ती पाच-पन्नासलाच सुटायची. सव्वीस वर्षांत एकदाही उशिराचा शेरा नाही.

आणि सगळ्यात जास्त राग कोणाचा, तर सायकलवाल्यांचा. मी थांब्यावर थांबलो की हे पुढे जाणार. मी निघालो की यांच्या मागे रखडणार. कसंबसं ओलांडावं तर पुढचा थांबा येणार आणि हे पुन्हा पुढे. एकाच सायकलवाल्याची पाठ मी एका फेरीत नऊ वेळा पाहिलेली आहे. बघून बघून ती पाठ ओळखीची व्हायची, आणि ओळखीच्या माणसाचा राग जास्त येतो.

असा मी, आणि माझ्याच नशिबी सायकल यावी!

झालं असं, की वार्षिक मेडिकलला डॉक्टरांनी माझ्या कंबरेचं माप दोनदा घेतलं. पहिल्यांदा त्यांचा टेपवर विश्वास बसला नाही. मग साखर, मग ब्लडप्रेशर. कागदावरचे आकडे बघून ते म्हणाले, "तीन महिन्यांनी परत या. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हाही हेच आकडे असले तर कायमचं टेबलावर बसायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, बस पोटानं चालवत नाहीत." ते हसले नाहीत.

त्याच दुपारी डेपोतल्या कारकुनानं किल्ली काढून घेतली आणि मला सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. एक ट्यूबलाइट, तीन फडताळं, एकशेचाळीस छत्र्या, एकेकटे बूट आणि एक कवळी. बसमध्ये दात विसरलेला माणूस घरी जाऊन बायकोशी काय बोलला असेल, याचा विचार करण्यात माझे पहिले दोन दिवस गेले. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची: कोणत्या गाडीत सापडली, कधी सापडली. तिसऱ्या दिवशी वाटलं, मलाही कोणीतरी चिठ्ठी बांधून इथे ठेवून दिलंय आणि न्यायला कोणी येणार नाहीये. निवृत्तीला सात वर्षं होती. सात वर्षं छत्र्यांबरोबर काढायची या विचारानंच मला धडकी भरली.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. ती घरी येऊन पाणी पिता पिता म्हणाली, "तुमचं नाव दिलंय."

"कशात?"

"सायकलच्या ग्रुपमध्ये. आमच्या शेजारच्या केमिस्टताई जातात ना, त्यात. रोज सकाळी साडेपाच."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

तिचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी जास्तच चिडलो. तेवढ्यात मेहुण्यानं आपली भिंतीला टांगलेली सायकल पाठवून दिली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! सीट तर अशी, की बसल्यावर आपल्या अंगात हाडं किती आहेत ते मोजून घ्यावं.

ग्रुप चालवणारे एक निवृत्त गणिताचे मास्तर. सत्तरीचे, काटकुळे, पोट नावाचा अवयव देवानं त्यांना दिलाच नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सायकलला एक जड पिशवी बांधली. आत हवा भरायचा पंप, पाने, पंक्चरचं सामान.

"हे काय?"

"जो शेवटी असतो तो शेपूट. पंप शेपटाकडे. आणि शेपूट येऊन 'चला' म्हणत नाही, तोवर चौकातून कोणी हलायचं नाही."

"म्हणजे जो आधीच मागे पडतोय, त्याच्यावरच ओझं? हा कुठला न्याय, मास्तर?"

"पंप पुढच्याकडे असला आणि मागच्याचं टायर बसलं, तर पंप गेला पुढे. शेवटच्याकडे असला तर तो सगळ्यांपर्यंत पोचतोच. सोपं गणित आहे."

गणितात मी शाळेतही हरायचो. शेपूट झालो.

पहिला महिना मी रोज मनात म्हणायचो, उद्या येणार नाही. चढावर माझा श्वास जुन्या बसच्या ब्रेकसारखा वाजायचा. केमिस्टताई चौकात उभ्या राहून ओरडायच्या, "ड्रायव्हरसाहेब, गिअर कमी करा!" मला! सव्वीस वर्षं गिअर टाकणाऱ्याला गोळ्या विकणारी बाई गिअर शिकवत होती. आणि ती बरोबर सांगत होती, हे अजून वाईट. फोनवर ग्रुपचे निरोप यायचे ते वेगळेच: सूर्याचे फोटो, मांडीच्या व्यायामाचे फोटो, केळ्याचे फायदे. केळ्याचे एवढे फायदे असते तर माकडं आजारी पडली नसती.

दुसऱ्या महिन्यात कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. मी कोणाला सांगितलं नाही. बायकोनं मात्र पट्टा हातात घेऊन बघितला आणि काही न बोलता परत खुंटीला लावला. माझ्यावर जिंकल्यावर ती कधीच बोलत नाही, तेच मला लागतं.

मग तो फजितीचा दिवस आला. नेहमीचा रस्ता खणला होता. मास्तर म्हणाले, "आज ड्रायव्हरसाहेब पुढे. सगळं शहर त्यांच्या तळहातावर आहे." मी पिशवी सोडायला गेलो तर पट्ट्याची गाठ काही सुटेना. "राहू दे आजच्यापुरती," मास्तर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर कोणाची पाठ नव्हती, मोकळा रस्ता होता. आपल्याच रूटवर घेतलं. छान लय लागली. थोड्या वेळानं मी कडेला घेऊन थांबलो, क्षणभर थांबलो आणि निघालो. परत कडेला, परत थांबलो, परत निघालो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मागून केमिस्टताईंचा आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, कोण चढतंय?"

मी वर बघितलं. बसथांबा होता. आधीचे दोन्हीही थांबेच होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगीच नाही. मागे अकरा जण शिस्तीत रांग लावून उभे होते, प्रत्येक थांब्यावर माझ्याबरोबर थांबत आले होते. एवढ्यानं भागलं असतं तरी चाललं असतं, पण थांब्यावरच्या एका आजीबाईंनी पुढे येऊन मला विचारलं, "दवाखान्यापर्यंत जाते का हो ही?"

अकराच्या अकरा माणसं सायकलींवर आडवी झाली. मास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते. माझे कान तापले. किल्ली गेलेल्या माणसाची ही सवय त्यांना गंमत वाटत होती. माझं तेवढंच तर उरलं होतं.

"हसा, हसा," मी म्हणालो. "उद्यापासून दुसरं शेपूट शोधा." आणि सरळ घरी गेलो.

दोन दिवस गेलो नाही. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बायको पडदा सरकवून खाली बघत म्हणाली, "आजपण उभेच आहेत."

"कोण?"

"तुमची माणसं. परवापासून येतात, पाऊण तास उभी राहतात आणि घरी जातात."

मी ताडकन उठलो. कोपऱ्यावर अकरा हेल्मेटं, अकरा सायकली, एकेक पाय जमिनीवर. दोन दिवस कोणी एक किलोमीटरही चालवली नव्हती. मी तसाच, घरातल्या कपड्यांवर खाली गेलो आणि बरसलो. "डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? पंप हवा होता तर वर येऊन न्यायचा! नाहीतर दुसरा आणायचा! बाजारात पंप संपले का?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "पंप आहे हो माझ्या घरी दुसरा. 'चला' कोण म्हणणार?"

मी कपाळावर हात मारला. वर जाऊन कपडे बदलले, सायकल काढली आणि दात-ओठ खात म्हटलं, "चला."

तीन महिने भरले. डॉक्टरांनी कंबरेचं माप पुन्हा दोनदा घेतलं, या वेळी दुसऱ्या कारणानं. साखर ताळ्यावर, ब्लडप्रेशर ताळ्यावर. कारकुनानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "सोमवारपासून पाच-पन्नासची पहिली गाडी. तुमचीच आहे ती."

किल्ली मुठीत घेऊन डेपोतल्या बाकावर बसलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पाच-पन्नासची गाडी म्हणजे पाचला डेपोत. साडेपाचची सायकल बंद. ज्यासाठी सायकल चालवली ते मिळालं, आणि मिळाल्यामुळेच सायकल सुटली. मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाच राग आला. ज्यांच्या नावानं तीन महिने खडे फोडले, त्यांच्यासाठी जीव तुटायचं काय कारण?

परत कारकुनाकडे गेलो. "दुपारपाळी मिळेल का?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पहिल्या गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबतात. डोकं फिरलंय का तुमचं? दुपारपाळीत सहा महिने जागा नाही. छत्र्या हव्यात तर सांगा, तिथे आहे जागा."

छत्र्या नको होत्या. मी सही केली.

रविवारी ग्रुपला सांगितलं. वाटलं होतं कोणीतरी अरेरे म्हणेल. मास्तर नुसते म्हणाले, "बरं." केमिस्टताई म्हणाल्या, "अभिनंदन. पंप नंतर द्या, आज घाईत आहे." आणि सगळे पांगले. तीन महिने घाम गाळला आणि मिळालं काय, तर "बरं"! घरी येऊन मी पंप आदळला. बायको म्हणाली, "उद्या गाडीत बरोबर ठेवा तो."

"बसमध्ये सायकलचा पंप कशाला?"

"ठेवा हो. सगळ्याला कशाला कशाला."

सोमवारी पाच-पन्नासला गाडी सोडली. माझी सीट, माझा आरसा, पायाखाली ओळखीची थरथर. पहिला थांबा, दुसरा थांबा. तिसऱ्या थांब्यावर वळवली आणि बघतो तर अकरा हेल्मेटं. एकेक पाय जमिनीवर.

मास्तर माझ्या खिडकीखाली आले. "पंप आणलात?"

"आणलाय. घ्या आणि बाजूला व्हा, गाडीची वेळ झालीय."

"राहू दे तुमच्याकडेच. आजपासून आम्ही याच रस्त्यानं जाणार. कोणाचं टायर बसलं तर मागून तुम्ही येताच आहात."

"मास्तर, मी बस चालवतोय!"

"मग? शेवटी कोण आहे? पंप शेवटच्याकडे. आणि सुट्टीच्या दिवशी नेहमीसारखं साडेपाचला."

मागे कंडक्टरनं दोनदा बेल दिली. कोणीतरी प्रवासी ओरडला, "अहो ड्रायव्हर, कोणासाठी खोळंबलाय?" घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आणि ते अकरा जण हलेनात. नुसते माझ्याकडे बघून हसत उभे, तेच ते हसणं. कशाची वाट बघताहेत ते मला एकदम कळलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी जोरात ओरडलो, "चला!"

अकरा सायकली निघाल्या. त्यांच्या मागे मी पहिल्या गिअरमध्ये. त्या फेरीत त्या पाठी मी नऊ वेळा पाहिल्या.

शेवटच्या थांब्यावर गाडी दोन मिनिटं उशिरा पोचली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. परत आल्यावर कारकुनानं वही पुढे केली, उशिराचं कारण लिहायला, आणि डोळे मोठे करून विचारलं, "तुम्ही? तुम्ही कोणासाठी थांबलात?"

"मी कुठे थांबलो?" मी वैतागून म्हटलं. "ते थांबले होते."