वळसंगच्या उतारावरचा वस्ताद

मी वस्ताद बोलतोय, वळसंगच्या खाजाभाईंची सत्त्याण्णव सालची डिझेल जीप. गाडी असून बाप्याचं नाव मिळवलं, त्यावरनं माझी पत ओळखा. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला वाटेत सोडलं नाही!

बरं, सोडलं. एक नवरदेव सोडला, दोन तलाठी सोडले, एकदा खुद्द खाजाभाईंना सासुरवाडीच्या दारात, साऱ्या मेहुण्यांसमोर. पण आधी खोकून, गचके देऊन, सांगून सोडलं. न सांगता दगा देणं आपल्या रक्तात नाही.

तरुणपणी मी वळसंग-सोलापूर वडापची भाडी मारली. आठ जणांच्या जागेत सोळा बसायचे आणि सतरावा म्हणायचा, "जरा सरका की." शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण मास्तरांना रोज नेऊन एवढं शिकलो, की माणूस मला शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्यातच बसतो.

माझा स्टार्टर बारा वर्षांपूर्वी वारला. बॅटरी आता शोभेपुरती. तेव्हापासून खाजाभाई मला घरासमोरच्या उतारावर लावतात, चाकाखाली दगड. दगड काढला की मी घरंगळतो आणि सुरू होतो. नाहीच झालो तर गल्ली ढकलते. कुणी कुठं हात लावायचा तेही ठरलेलं. शेजारचा बसू डाव्या अंगाला, "तळ्ळू, तळ्ळू!" असं कानडीत ओरडत.

यंदा खाजाभाईंच्या मुलानं, हारूननं, नवी गाडी आणली. किल्ली खिशातच, नुसतं बटण दाबायचं, गिअर आपोआप. मी म्हटलं, "या पाहुणीबाई, पाय धुवा." ती हसलीसुद्धा नाही. लई शिकलेली!

परवा हारूनच्या लेकीची, माहेनूरची, नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. सोलापुरात नऊला फाटक बंद. चुकलं की वर्ष गेलं. साडेसातला हारूननं बटण दाबलं. पडदा मिणमिणला, इंजिन गप्प. आदल्या दुपारभर त्यानं गाडी बघायला आलेल्या पाहुण्यांना आत बसवून, इंजिन बंद ठेवून कव्वाल्या ऐकवल्या होत्या. बॅटरी कव्वालीतच संपली.

गल्लीला काय, सवय! बसूनं डाव्या अंगाला हात लावला, "तळ्ळू!" दहा जणांनी ती आपोआप गिअरची गाडी मशिदीपर्यंत ढकलली. असली गाडी ढकलून सुरू होत नाही, हे कुणाच्या बापाला ठाऊक?

हारूननं कंपनीला फोन लावला. "अब्बा, दीड घंट्यात माणूस येतो म्हणतायत."

"तवर फाटक थांबतंय व्हय?" खाजाभाई म्हणाले. "माहेनूर, दगड काढ."

मी घरंगळलो, सुरू झालो, ऐटीत निघालो. आणि कुंभारीच्या अलीकडं खोकलो. या वेळी चेष्टा नव्हती हो, खरंच जीव घाबरला.

"दादा, डिझेलमध्ये हवा धरली," माहेनूर कान देऊन चाकावरच्या आजोबांना म्हणाली. "हितं थांबू नका. फुडं पुलाचा उतार हाय, तितं घ्या."

उतारावर खाजाभाईंनी बॉनेट उघडलं, पण बारीक स्क्रू त्यांना दिसेना.

"सरका तुमी."

"अगं, कपडे खराब हुतील की!"

"कपडे धुता येत्यात, वरीस न्हाय."

तिनं स्क्रू सैल केला, हातपंप दाबत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, परत आवळला, आणि मी उतारावरनं घरंगळत सुरू झालो. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्यावरच शिकलीय. नऊला दहा कमी असताना ती फाटकाच्या आत होती, बोटांना डिझेलचा वास घेऊन.

संध्याकाळी नवी गाडी ठीक होऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मी कशाला सोडतोय!

"काय पाहुणीबाई? भरवसा म्हणजे कधीच बंद न पडणं नव्हे. पडलो तर घरच्याच हातानं उठणं. तुझ्या पोटातलं आमच्यात कुणाला कळतं का?"

ती पहिल्यांदाच बोलली. "आजोबा, तुमचा खोकला तरी कितींना कळतो? दोघांना. एकाला आता स्क्रू दिसत नाही, आणि दुसरीला गावाबाहेरच्या वाटेवर आज तुम्हीच पोचवून आलात."