सिस्टरच्या खाऱ्या स्कोनचा ट्रे

मित्रांनो, एखाद्या कपाटाच्या तळाशी मी तुम्हाला दिसलो, तर तुम्ही मला भंगार समजून बाजूला साराल. काळा पडलेला, एका कोपऱ्यात पोचा आलेला साधा पत्र्याचा ट्रे. वय झालंय, आणि खरं सांगायचं तर स्वभाव पहिल्यापासून घाबरट. ओव्हनमध्ये जाणाऱ्याने घाबरून कसं चालेल, असं तुम्ही म्हणाल. पण आगीची भीती मला कधी वाटलीच नाही. भीती वाटते ती माणसांच्या बोलण्याची, कारण मला सगळं ऐकू येतं आणि बोलता मात्र एक शब्द येत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. यंत्राने धाडकन दाबून मला आकार दिला आणि एका कामगाराने माझ्या कडा वळवल्या. त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "जाड आहे, नातवंडांपर्यंत टिकेल." दुकानातले दिवस मी त्या एका वाक्यावर काढले. तिथून मला एका नव्या जोडप्याने घरी आणलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायको रुग्णालयात परिचारिका. गल्लीतले सगळे, अगदी दूधवालासुद्धा, तिला सिस्टरच म्हणत. मीही तेच म्हणतो.

सिस्टरचा हात बसला होता तो खाऱ्या स्कोनवर. स्कोन म्हणजे मुठीएवढा गोल पाव समजा, बाहेरून खरखरीत आणि आतून मऊ. सिस्टर त्यात किसलेलं चीज, कांद्याची पात आणि भरडलेली मिरपूड घालायची. थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायची, ताक ओतायची आणि पीठ जेमतेम गोळा झालं की हात काढून घ्यायची. फार मळलं तर स्कोन रुसतो, असं ती म्हणे. मग वाटीने गोल कापून ते माझ्या अंगावर एकमेकांना चिकटून मांडायची, म्हणजे बाजूला न पसरता सगळे वर येतात.

आणि हे सगळं ती मोठ्याने बोलत करायची. "मीठ घातलं. बेकिंग पावडर घातली." रुग्णालयातली सवय ती. रोग्याला औषध देण्याआधी औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्याने म्हणायची, म्हणजे चूक होत नाही. सिस्टरच्या हातून कधी कुणाला चुकीची गोळी गेली नाही. तिला कशाचा अभिमान असेल तर एवढ्याच गोष्टीचा.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. सिस्टरचे स्कोन वॉर्डात जायचे, मुलाच्या डब्यात जायचे, शेजारच्या आजारी माणसाकडे जायचे. डॉक्टरसुद्धा डबा उघडायची वाट बघत, असं ती नवऱ्याला हसत सांगायची. कौतुक तिचं व्हायचं, पण थोडंफार माझ्याही वाट्याला यायचं. मग घड्याळवाला अचानक गेला. सिस्टरने मला कपाटात ढकललं आणि कितीतरी काळ माझ्याकडे पाहिलंही नाही. मी ओलाच राहिलो होतो, गंज चढला. पण मी तिला बोल लावत नाही. ज्याच्यासाठी हौसेने करायचं तो माणूसच घरात नसेल तर ट्रे काढायचा कशाला?

निवृत्त झाल्यावर तिने मला पुन्हा बाहेर काढलं आणि मीठ लावून घासघास घासलं. मुलाचं लग्न झालं होतं. दर रविवारी मुलगा आणि सून चहाला यायचे, आणि चहाबरोबर स्कोन ठरलेले. मुलाचं काम लिफ्ट तपासण्याचं. दोर झिजलाय का, दार नीट लागतं का, हवेच्या जाळ्या मोकळ्या आहेत का. दिवसभर धोके शोधणारा माणूस घरी आला तरी धोकेच शोधतो. आई घसरेल म्हणून पायपुसणं उचल, आई चढेल म्हणून स्टूल लपव. सगळं मायेपोटीच हो, त्यात शंका नाही.

एका रविवारी सिस्टर गुडघे टेकून ओव्हनचा तळ खरवडत होती. मुलाला ते बघवलं नाही. त्याने चकचकीत फॉइल आणली, मापात कापली आणि ओव्हनच्या तळावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट बसवली. "आता सांडलं तरी घासायचं नाही. नुसती पुसायची," तो म्हणाला. सिस्टरचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मुलाने आपल्यासाठी एवढं केलं, याचंच तिला अप्रूप.

मी मात्र घाबरलो. मित्रांनो, तो ओव्हन जुन्या पद्धतीचा, गॅसवरचा. आग त्याच्या तळाखाली पेटते आणि तळाच्या कडेला जी लांबट भोकं असतात त्यांतून ऊब वर येते. मी त्याच तळावर आयुष्य काढलेलं. ती सगळी भोकं फॉइलखाली गेली. रोज दुसऱ्यांच्या जाळ्या मोकळ्या आहेत का हे बघणाऱ्याने आईच्या ओव्हनची नाकपुडी दाबली, आणि त्याला पत्ताही नाही.

पुढच्या खेपेला स्कोन वर आलेच नाहीत. पांढरेफटक, खाली कच्चे. सुनेने एक तुकडा मोडला, म्हणाली, "असू दे आई, होतं कधीकधी." त्याच्या पुढच्या वेळी तसंच. सिस्टरने बेकिंग पावडरचा पुडा बदलला, ताक बदललं. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मुलाने विचारलं, "आई, बेकिंग पावडर घातली होतीस ना?" "घातली की," ती म्हणाली. मग कच्च्या स्कोनकडे बघत म्हणाली, "घातली असणार."

त्या 'असणार'ने माझा जीव टांगणीला लागला. त्यानंतर सिस्टर एकेक गोष्ट दोनदा मोठ्याने म्हणायला लागली. चमचा पिठात रिकामा करून झाला की त्याच्याकडे बघत उभी राहायची. एकदा तर तिने तयार पीठ टाकून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, कारण आपण मीठ घातलं की नाही याची तिला खात्री वाटेना. घातलं होतं, मी समोरच होतो. आणि मुलगा दारात उभा राहून आई एकटीच बोलतेय हे ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली.

मग ते झालं. स्कोन आत होते, सिस्टर बाहेर कपडे वाळत घालत होती. हवा कोंडून खालची आग विझली आणि गॅस तसाच यायला लागला. नेमका मुलगा तेव्हाच आला. वास येताच त्याने धावत गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आईला हाक मारली. "आई, न पेटवताच चालू ठेवलास तू," तो म्हणाला.  सिस्टर म्हणाली, "पेटवला होता रे." आणि मग हळूच पुढे म्हणाली, "पेटवला होता, असं वाटतंय तरी."

त्या दिवशी ठरलं. सोमवारी गॅसवाला येऊन ओव्हन आणि शेगडी काढून नेणार, आणि सिस्टर हे घर बंद करून मुलाकडे राहायला जाणार. मुलगा वाईट नव्हता हो. आईला काही झालं तर, या भीतीने त्याची झोप उडाली होती. पण हा न्याय कसला? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि सिस्टरने तक्रारसुद्धा केली नाही, हेच मला सहन होईना. ती मनातून मान्य करून बसली होती की आपलं डोकं आता आपलं राहिलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिने एवढंच मागितलं, "एकदा शेवटचे स्कोन करू दे. तुमच्या समोर करते."

"कर," मुलगा म्हणाला. "पण पेटवणार मी."

त्याने स्वतः काडी लावली, वाकून ज्योत पाहिली आणि मगच दार लावलं. सिस्टरने मला भरून त्याच्या हातात दिलं. तिचा हात गार होता. तिघंही टेबलाशी बसले. कुणी चहाला हात लावेना. आत मला तर कळत होतं की ऊब येत नाहीये, ज्योत खाली धापा टाकतेय. मी जन्मात कधी एवढा घाबरलो नाही. आता हेही स्कोन कच्चे निघणार आणि सिस्टर हे शेवटचं अपयश घेऊन या घरातून जाणार.

थोड्या वेळाने सुनेने हवेत हुंगून पाहिलं. "वास येतोय का?"

मुलगा ताडकन उठला. गॅस बंद, खिडक्या उघड्या. सिस्टर जागेवरच होती, चेहरा पांढरा पडलेला. "माझंच काहीतरी राहिलं असेल," ती पुटपुटली.

"तुमचं कसं राहील आई?" सून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पेटवला तर तू होतास ना?"

 वास पार गेल्यावर त्याने कामाची टॉर्च आणली, मला कच्च्या स्कोनसकट बाहेर ठेवलं आणि ओव्हनमध्ये डोकं घातलं. उजेड आधी भिंतींवर फिरला, मग तळाशी आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. मग फॉइल फाटल्याचा आवाज आला. फॉइलखालून एकेक भोक मोकळं होताना मी पाहत होतो.

तो बाहेर आला तेव्हा चुरगळलेली फॉइल त्याच्या हातात होती. "मी बंद केली होती आई," तो म्हणाला. "हवेची सगळी भोकं. तुझी आग दर वेळी माझ्यामुळे गुदमरत होती."

मला वाटलं ती रागावेल, निदान दोन शब्द सुनावेल. सिस्टरने फॉइलकडे पाहिलं, माझ्यावरच्या त्या बसक्या पांढऱ्या गोळ्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी पावडर घातली होती," ती म्हणाली.

"घातली होतीस," मुलगा म्हणाला. "दर वेळी घातली होतीस."

त्याने तिथूनच गॅसवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. मग सिस्टरने नवीन पीठ घेतलं. एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत होती, पण एकदाच.

मित्रांनो, मला धुतलंत तर लगेच पुसा, ओला ठेवू नका, एवढं मी माझ्यासाठी मागतो. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्या बाईच्या हातून काही बिघडलं, तर "विसरलीस ना?" असं विचारण्याआधी वाकून एकदा तळाशी बघा. कारण तुम्ही तसं पुन्हा पुन्हा विचारलंत, तर ती "हो" म्हणेल. आणि न केलेली चूक स्वतःची मानून ती आपलं घर सोडायलाही तयार होईल.